इंद्रभानाचा भोंगा

इंद्रभानाचा भोंगा पास झाला की नापास, यावर आमच्या गावात अजून भांडणं होतात. त्या संध्याकाळी मी भोंग्याला खेटून उभा होतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलं, तरी मला कोणी छातीला हात लावून सांग म्हटलं तर सांगता यायचं नाही. ज्याला सरळ उत्तर हवं असेल त्याने दुसरीकडे जावं. माझ्याकडे आहे तो गोंधळ, आणि तो जसा झाला तसाच मी सांगणार.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे. अंगणात उभं राहिलं की सातपुडा दिसतो. चावडीसमोर माझं किराणा दुकान, म्हणून गावातलं सगळं माझ्यासमोरच घडायचं. इंद्रभान माझ्या वर्गातला. मी आत भिंतीशी बसायचो आणि तो दाराशी, जिथे बाकीच्यांच्या वहाणा असायच्या. पुढे तो खामगावला एका जिनिंग कारखान्यात फिटरच्या हाताखाली राहिला, तिथे मुकादमाशी भांडला आणि परत आला. आल्यावर त्याने घराच्या पडवीत दुकान टाकलं. सायकली, स्टो, कंदील, बत्त्या, जे मोडेल ते त्याच्याकडे जायचं. गावातला एकेक कंदील त्याच्या हातून गेलेला. त्याने नीट केलेला कंदील लोकांना चालायचा, त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

तो गरीब गाय मुळीच नव्हता बरं का. तोंडाने फटकळ, बढाया मारण्यात पटाईत. खामगावचं इंजिन आपल्यावाचून चालत नव्हतं, असं तो सांगायचा, आणि केसरबाई, त्याची बायको, आतून म्हणायची की मग ते आता बंद पडलं का? त्यावर तो तिच्याकडे पाहायचा नाही. निम्म्या वस्तू तो नीट करायचा, निम्म्या आणखी बिघडवायचा, पण बिघडवतानाही इतकं समजावून सांगायचा की माणूस खूश होऊन जायचा.

आता डफड्याचं सांगतो, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. त्याचा बाप जानराव. त्यांच्या घराण्याकडे गावकी होती. गावात काही कळवायचं असलं की जानरावाने डफडं वाजवत फिरायचं आणि दवंडी द्यायची. डफडं वाजलं की माणूस हातातलं काम टाकून बाहेर येणार, संध्याकाळ असली तर कंदील घेऊन येणार, आणि काय सांगतात ते ऐकायला चावडीपर्यंत चालत जाणार, ही गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. छप्पन साली त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी जानराव चावडीत आला, डफडं खुंटीला अडकवलं आणि म्हणाला की ही गावाची वस्तू, गावाने सांभाळावी. नंतर त्याने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या जातीचं कोणी लावणं तर शक्यच नव्हतं, त्यात त्यांना कमीपणा. ते डफडं तसंच खुंटीवर धूळ खात राहिलं, आणि दवंडी बंद पडली.

मग पासष्ट साल आलं आणि पाकिस्तानशी लढाई जुंपली. लढाई कुठे होती ते आम्हाला नीटसं माहीत नव्हतं. गावात रेडिओ एकच, किसनरावांचा. त्याची बॅटरी उतरलेली. निम्मी बातमी ऐकू यायची आणि निम्मी किसनराव स्वतः सांगायचे. सकाळी आपण फार पुढे गेलेलो असायचो आणि संध्याकाळी त्याच ठिकाणी परत. मग कोणीतरी वरवट बकालच्या बाजारातून खबर आणली की शत्रूचे छत्रीवाले सैनिक सातपुड्यात उतरले. झालं, गावाचं तोंडचं पाणी पळालं. जडीबुटी विकणारा एक वैदू रानातून येताना सापडला, त्याला चावडीत बांधून ठेवलं. तो मराठी बोलतो हे कळल्यावर सोडला आणि चहा पाजला. खंदक खणा म्हणून निरोप आला, तर खंदकात पाणी भरलं आणि रामरावांचं वासरू त्यात पडलं. शत्रूपासून वाचायला खणलेल्या खड्ड्यातून वासरू काढायला अर्धा गाव लागला. हसावं की घाबरावं, कोणाला काही कळेना.

रामराव म्हणजे आमचे सरपंच. त्यांना तालुक्याहून हुकूम आला की हल्ल्याची सूचना सगळ्या गावाला एकदम मिळेल अशी काही सोय करा. सूचना मिळाली की दिवे विझवायचे आणि घरात बसायचं. अमुक दिवशी संध्याकाळी साहेब येऊन पाहून जातील. रामरावांनी चावडीत सभा भरवली. आणि तिथे या माणसाने काय करावं? सगळ्यांसमोर जानरावाला म्हणाले की गावकी बिवकी राहू दे बाजूला, ही देशाची वेळ आहे, देशासाठी तू पुन्हा डफडं घे.

देशासाठी म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं, तर एकदा गळ्यात पडलेलं डफडं लढाई संपल्यावर कोण उतरवू देणार? रामरावांना हे चांगलं ठाऊक होतं. जानराव जमिनीकडे पाहत बसला होता. तेवढ्यात इंद्रभान उठला.

"मी भोंगा करतो," तो म्हणाला. "जिनिंगसारखा. डोंगरापलीकडं ऐकू जाईन असा. माहा बाप डफड्याले हात लावणार नाही."

रामराव हसले. म्हणाले, कर. पण साहेब येईल तेव्हा भोंग्याने काम नाही केलं, तर त्याच जागी, साहेबासमोर जानराव डफडं घेईल. कबूल? इंद्रभान एका दमात कबूल म्हणाला. मी कपाळाला हात लावला. अरे, तू साधा स्टो एका खेपेत नीट करत नाहीस! बापाची इभ्रत अशी पणाला लावायची असते का? मी त्याला बाहेर गाठून हे सगळं बोललो. तो म्हणाला की नारायण, तू चणे विक.

लोखंड, पत्रा, जागा, काहीच नव्हतं त्याच्याकडे. अशा वेळी किसनराव पुढे आले. किसनराव गावातले मोठे शेतकरी, डोक्यात सारखं काहीतरी नवं खूळ. एकदा संत्र्याचं सरबत बाटलीत भरून विकायला काढलं होतं, बाटल्या फुटल्या, नाद सुटला नाही. त्यांनी इंद्रभानाला आपली सायकल दिली, दोन लोखंडी पिंपं दिली, जुना पट्टा दिला, आणि काम करायला बैलांचा कोठा मोकळा करून दिला. बदल्यात काय? तर भागीदारी. किसनरावांचं गणित असं की लढाई काही लवकर संपत नाही, सरकारला गावोगाव भोंगे लागणार, आज आपलं गाव, उद्या तालुका, परवा सगळा वऱ्हाड. माझ्या दुकानात बसून ते मला समजावत होते की यात देशसेवा आहे आणि धंदाही आहे. मी विचारलं की लढाई थांबली तर? ते एकदम चमकले. म्हणाले, असं अभद्र बोलू नये. मग आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं आणि घाईघाईने तंबाखू मळायला लागले.

कोठ्यात काम सुरू झालं. सायकल उलटी करून खांबाला बांधली. मागच्या चाकावरून पट्टा, पट्ट्यावर पिंपातलं पात्यांचं चक्र, पिंपाला चहूकडून फटी. पायडल हाताने गरगर फिरवायचं, चक्र फिरलं की फटीतून वारा सुटेल आणि आवाज निघेल, असा हिशोब. पहिल्या दिवशी आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा म्हशीने सुस्कारा टाकावा तेवढा निघाला. इंद्रभान पाती कापायचा, वाकवायचा, फेकायचा. किसनराव शेजारी खाट टाकून सूचना द्यायचे, आणि त्या सूचना ऐकून इंद्रभान आणखी गोंधळायचा. वर सरकारी नियम होता: आवाज चढउतार करत आला तर धोका, सरळ आला तर धोका टळला. किसनरावांनी तो उलटा लक्षात ठेवला होता. दोघांची यावरून अशी जुंपली की भागीदारी तिथेच मोडते की काय असं वाटलं. मी मध्ये पडलो आणि मलाही नक्की आठवेना.

जानराव रोज संध्याकाळी कोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही, काही विचारायचा नाही. थोडा वेळ पाहायचा आणि काठी टेकत निघून जायचा. तो गेला की इंद्रभान नुकतंच बसवलेलं पातं पुन्हा काढायचा. एकदा मला म्हणाला की बाबा काही बोलत नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या वेळी त्याच्या बढाया पार कुठल्या कुठे गेल्या होत्या. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

शेवटी केसरबाई आली. लुगड्याचा काष्टा मारून तिने पायडलला हात घातला आणि कापूस वेचणाऱ्या बाईच्या जोराने ते फिरवलं. असा काही आवाज निघाला बाप्पा, की शेजारच्या कोठ्यातले बैल दावी तोडून थेट नाल्यापर्यंत पळाले. किसनराव खाटेवरून पडले. इंद्रभान पिंपाला मिठी मारून रडायला लागला. केसरबाई म्हणाली की हे झालं आता, स्वयंपाक पडला आहे माझा.

साहेब आला त्या दिवशी भोंगा बैलगाडीतून चावडीसमोर आणला. सायकल उलटी, पिंपाला किसनरावांनी लावलेला हिरवा रंग, वर झेंडूची माळ. साहेब कोकणाकडचा, आमच्याकडे बदलून आलेला. जीपमधून उतरला तेव्हाच थकलेला दिसत होता, दिवसभर गावोगाव फिरत असावा. दिवस मावळला, घराघरांत दिवे लागले. सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं की सूचना मिळाली की दिवे विझवायचे आणि घरात बसायचं. साहेबाने मान हलवली. इंद्रभानाने केसरबाईला खूण केली.

भोंगा वाजला. काय वाजला! चढला, उतरला, पुन्हा चढला. सातपुड्यावरून परत आला. माझ्या दुकानातल्या बरण्या थरथरल्या. साहेबाने कानावर हात ठेवला आणि चक्क हसला. इंद्रभान माझ्याकडे पाहत होता, त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मी मनात म्हटलं, जिंकला लेका.

आणि मग लोक बाहेर यायला लागले.

एकेका घरातून, एकेका बोळातून, कंदील घेऊन. गावाला एकदम काही कळवायचा आवाज आला म्हणजे कंदील घ्यायचा आणि चावडीपुढे जायचं, एवढंच त्यांच्या अंगात भिनलेलं. बाया, बापे, कडेवर पोरं, हातात कंदील. नऊ वर्षांनी गावाला कोणी बोलावलं होतं, तर सगळे आले. आणि इंद्रभानाच्याच हातचे कंदील ते, एकही विझता विझेना. चावडीपुढे असा उजेड पडला की जत्रा भरली वाटावं. रामरावांची म्हातारी आत्या तानुबाई, कानाने कमी, सगळ्यांना ढकलत पुढे आली आणि कंदील वर धरून विचारायला लागली की काय सांगतात, कोण मेलं?

साहेबाने डोकं धरलं. म्हणाला, अहो, वर विमान असतं तर एका बॉम्बमध्ये सगळं गाव गेलं असतं. मी लोकांना ओरडून सांगत होतो की घरी जा, पण मलाच सगळे विचारत होते की काय झालं. केसरबाईला कोणी थांब म्हटलं नव्हतं, ती फिरवतच होती, आणि जितका भोंगा वाजे तितके लोक येत. किसनराव म्हणत होते की आवाज उलटा झाला, मी आधीच सांगितलं होतं. इंद्रभान नुसता उभा होता. त्याच्या तोंडावरचं ते हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, आणि ते पाहवत नव्हतं.

शेवटी कोणीतरी केसरबाईचा हात धरला. भोंगा थांबला. त्या शांततेत रामराव पुढे झाले.

"साहेब, मी म्हटलंच होतं. यंत्राले तोंड नसते," ते म्हणाले, आणि वळले. "जानराव, घे डफडं. सांग या लोकायले घरी जायले."

इंद्रभान बापाच्या आडवा आला. हात पसरून उभा राहिला. जानरावाने काठीनेच त्याला हळूच बाजूला केलं. चावडीच्या पायऱ्या चढला. खुंटीवरचं डफडं काढलं. धोतराच्या सोग्याने त्यावरची धूळ पुसली. मला ओरडावंसं वाटलं, पण काय म्हणून ओरडू? कबूल तर झालं होतं. त्यांच्या वस्तीची माणसं एका बाजूला उभी होती, त्यांनी माना खाली घातल्या.

जानराव पायऱ्या उतरला, रामरावांच्या समोर आला, आणि दोन्ही हातांनी डफडं त्यांच्यापुढे धरलं.

"सरपंच, देशाचं काम हाय. माह्याच्यानं आता होत नाही. तुम्ही वाजवा."

रामरावांचे हात मागे गेले. अगदी लहान मुलाने चटका बसेल म्हणून घ्यावेत तसे. साहेबाला आमच्याकडचं काय माहीत? तो घाईत. म्हणाला, वाजवा हो सरपंच, तुम्हीच वाजवा, गाव तुमचं ऐकेल, मला अजून पुढच्या गावी जायचं आहे. जानराव डफडं धरून तसाच उभा. गावभरचे कंदील आता रामरावांच्या तोंडावर. मी त्यांना इतक्या वर्षांत इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम, हात अजून पाठीमागेच.

"वाजव ना रे रामा," तानुबाई म्हणाली. "काऊन थांबला?"

रामरावांनी डफड्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, मग भोंग्याकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "भोंगा चालते. गावाले भोंगाच बरा हाय."

साहेब म्हणाला की अहो, पण सगळे बाहेर आले ना! रामराव म्हणाले की शिकतील, मी शिकवतो. साहेबाला काही उमगलं नाही. त्याने खांदे उडवले, म्हणाला, ठीक आहे, मग पुन्हा वाजवा, आणि दिवे विझलेले मला दिसले पाहिजेत. केसरबाईने पुन्हा पायडल धरलं. भोंगा सुरू झाला, आणि आमचे सरपंच स्वतः बोळाबोळांतून पळत सुटले, दारादारांत उभे राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होते, दिवे इझवा, घरात बसा. हाती डफडं नव्हतं एवढंच. हळूहळू गाव अंधारात गेलं. साहेबाची जीप तेवढी दिवे लावून निघून गेली.

पुढे काय झालं म्हणाल तर फार काही नाही. तीन-चार दिवसांतच किसनरावांच्या रेडिओने लढाई थांबल्याचं सांगितलं, आणि बॅटरी उतरलेली असूनही ते वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. किसनराव आनंदाने टाळ्या वाजवत उठले आणि निम्म्यातच खाली बसले. तालुक्याने दुसरा भोंगा मागितला नाही. भागीदारी तशीच राहिली, दोघंही तिचं नाव काढत नसत. आमचा भोंगा ग्रामसभेला वाजायचा, कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा वाजला. लोक कंदील घेऊन धावत आले आणि तेव्हा ते बरोबर होतं. कधी बरोबर आणि कधी चूक, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. जीप गेल्यावर जानरावाने डफडं परत खुंटीला अडकवलं. अंधारात आम्ही तिघं त्यांच्या वस्तीकडे निघालो, जानराव काठी टेकत पुढे, इंद्रभान मागे, त्याच्या मागे मी. इंद्रभान संतापाने फुटत होता. त्याने माझ्यादेखत बापाला विचारलं की मी एवढा जिवाचा आटापिटा केला तो कशासाठी, तू त्याला हात लावू नये म्हणून ना? मग काऊन लावला?

जानराव थांबला. अंधारात त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.

"तुह्या भोंग्याचा काही भरोसा नव्हता, बाप्पा," तो म्हणाला. "मी रोज येऊन पाहत होतो."

इंद्रभान तिथेच रस्त्यात खाली बसला. तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. जानरावाने जरा वाट पाहिली, मग काठीचं टोक त्याच्या हातात दिलं, आणि त्याला धरून उठवून घरी नेलं.